पलीकडच्या टोकाची पाचर

चकलांबा,
१७ जानेवारी २०१६

ती. गहिनीनाथमामांस,
सत्यभामेचा सा. न. वि. वि.

मामींनी पाठवलेल्या तिळाच्या वड्या पोचल्या. आईनं त्यातल्या चार डब्यात लपवल्या आणि लपवल्याचं मलाच सांगितलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मामी माझं अर्धं बोलणं गाळून तुम्हाला सांगतात, म्हणून लिहूनच कळवते. काही राहू नये म्हणून आधी पाटीवर मुद्दे काढून घेतलेत. हसू नका.

अण्णांच्या हाताचं काही खरं नाही. बीडच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. आषाढापासून त्यांनी पटाशी हातात धरलेली नाही. रोज सकाळी संस्थेच्या शेडमध्ये येतात, खुर्चीवर बसतात आणि उजवा हात मांडीखाली दाबून ठेवतात. कुणी आलं की हसून बोलतात, पण हात बाहेर काढत नाहीत.

आपल्या सुतारकाम सहकारी संस्थेचे अकरा सभासद होते, त्यातले आठ चाकणकडे गेले. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नाही, तेव्हा दार-चौकट कोण करून घेणार. चेअरमन बिभीषणकाका स्वतःही तिकडेच असतात. त्यांनी अण्णांसाठी तिथल्या एका गोदामात वॉचमनची जागा बघून ठेवली आहे आणि अण्णा हो म्हणालेत. चाळीस वर्षं देव्हाऱ्यांच्या कमानी कोरलेल्या माणसानं गोदामाच्या फाटकाशी बसायचं, हे माझ्यानं बघवणार नाही.

म्हणून मी एक यंत्र करते आहे. कॉम्प्युटरवर नक्षी काढली की ती लाकडात कोरणारं. त्याला सीएनसी म्हणतात. नक्षी अण्णांनी सांगायची, मी काढायची, कोरायचं यंत्रानं. त्याला हात लागत नाही, नजर लागते, आणि अण्णांची नजर शाबूत आहे. बिभीषणकाकांनी शब्द दिलाय की एप्रिलअखेरच्या सभेत यंत्रानं एक अख्खी कमान कोरून दाखवली तर संस्था बंद करायची नाही आणि अण्णांनी गाव सोडायचं नाही.

सांगाडा बाभळीचा केला आहे. सगळे सांधे कुसू, खाच आणि पाचर, अण्णांनी शिकवले तसे. मोटारी आल्या. आता अडलंय ते लीड स्क्रूपाशी, म्हणजे मोटार फिरली की कोरणाऱ्या हत्याराला पुढे-मागे नेणारा आट्यांचा दांडा. गेवराईला हार्डवेअरच्या दुकानात आट्यांचा रॉड मिळतो. तो चालेल का? लांबीच्या बाजूला एक मीटरचा लागेल. तुम्ही कारखान्याच्या वर्कशॉपात अठ्ठावीस वर्षं लेथ चालवलात, तुमच्याशिवाय मी कुणाला विचारू?

उत्तराला उशीर झाला तरी चालेल, पण लोभ आटू देऊ नका.

तुमची,
सत्यभामा


धर्मापुरी,
२९ जानेवारी २०१६

चि. सत्यभामेस,
गहिनीनाथमामाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझी आई लहानपणी गिरणीतून आलेलं पीठ पुन्हा मोजून घ्यायची. तू तिच्याहून लई पुढची निघालीस. आता तुला इन्स्पेक्टरीणबाईच म्हणावं.

दुकानातला रॉड घेऊ नको. काहून ते सांगतो. त्याचे आटे टोकदार असतात, ते पत्रे आवळायसाठी केलेले. वजन घेऊन पुढं-मागं पळायसाठी न्हाई. महिन्याभरात नट खाऊन टाकील आणि तुझी नक्षी डुगडुगेल. शिवाय तो सरळ कधीच नसतो. काचेवर लोळवून बघ, खालून उजेड दिसेल. गोळ्यांवर फिरणारे भारी स्क्रू असतात, ते लाकडाच्या भुशात टिकायचे न्हाईत आणि आपल्या आवाक्यातले पण न्हाईत. तुला पाहिजे तो रुंद, बसक्या आट्यांचा. सोळा मिलिमीटर जाड, एका फेऱ्याला चार मिलिमीटर सरकणारा, आणि त्याला पितळी नट. लेथला असाच असतो, तीस-तीस वर्षं जातो.

तसा स्क्रू मी लातूरहून मागवतो. त्याची टोकं बेअरिंगमध्ये बसतील अशी उतरवून द्यावी लागतील. आमचा कारखाना यंदा ऊसच न्हाई म्हणून पेटला न्हाई. वर्कशॉपला कुलूप हाय, पण वॉचमन माझ्या ओळखीचा हाय. तुझं काम झाल्याशिवाय राहायचं न्हाई.

दाजींना नमस्कार सांग. हात मांडीखाली दाबून बसू नका म्हणावं, मुंग्या येतील. मामी म्हणते तिनं तुझं काहीही गाळून सांगितलेलं न्हाई, तूच लई बोलतेस.

आहेत ते आशीर्वाद पुरवून वापर.

तुझा,
गहिनीनाथमामा


धर्मापुरी,
१८ फेब्रुवारी २०१६

चि. सत्यभामेस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

स्क्रू आज एस.टी.नं पाठवतोय. प्लॅस्टिकच्या पाइपात घातलाय, वाकू नये म्हणून. ड्रायव्हर मांजरसुंब्याला चहाला थांबतो, तिथं तो तुमच्याकडच्या गाडीत देईल. गेवराई स्टँडवर स्वतः जाऊन घे. आडवा धर, उभा टेकवू नको.

टोकं मीच उतरवली. वॉचमननं कुलूप काढलं तेव्हा माझ्या लेथवर पाखरांनी काड्या आणून ठेवलेल्या. पुसला, तेल दिलं, चालू केला. दोन तास चालला. मला ऐकू येत न्हाई, पण हाताला समजत होतं की आवाज बरोबर हाय. बंद करताना वाईट वाटलं. ते जाऊ दे.

आता नीट वाच, कारण हेच महत्त्वाचं हाय. स्क्रूची दोन टोकं सारखी बसवायची न्हाईत. मोटारीकडचं टोक घट्ट. तिथं समोरासमोर दोन बेअरिंग, मागून चेकनट, केसभर हलता कामा नये. पलीकडचं टोक मात्र मोकळं. तिथं एकच बेअरिंग, आणि ते ठोकळ्याच्या खोबणीत बोटानं सरकलं पाहिजे. बेअरिंगच्या मागं दोन मिलिमीटर फट ठेव. तुझी शेड पत्र्याची. उन्हात लोखंड लांब होतं, बाभूळ होत न्हाई. उलट असल्या कोरड्या सालात ती आकसते. दोन्ही टोकं धरून ठेवलीस तर स्क्रूला लांब व्हायला जागा कुठं? तो मधेच धनुष्यासारखा वाकणार आणि नट आवळून बसणार. लेथवर हीच चूक मी एकदा केली, आणि फोरमननं सगळ्या वर्कशॉपसमोर माझी आरती केली.

बसवलं की दोन्ही टोकांचं लिहून कळव.

माया आहेच, ती लिहून दाखवायची सवय न्हाई.

गहिनीनाथमामा


चकलांबा,
६ मार्च २०१६

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

स्क्रू मिळाला. तुम्ही सांगितलंत तसा आडवा धरून आणला. गाडीत एका म्हातारबाबांनी विचारलं की यात काय आहे, मी स्क्रू म्हटलं, तर ते म्हणाले एवढ्या स्क्रूचं कुलूप केवढं असेल.

काचेवर लोळवून पाहिला. उजेड दिसला नाही. मोटारीकडच्या टोकाला दोन बेअरिंग समोरासमोर बसवली, चेकनट लावला, अंगठ्यानं ढकलून पाहिलं, हललं नाही. गुण्या लावून तीनदा तपासलं. स्क्रू आणि सरकपट्ट्या एकमेकांना समांतर आहेत की नाही ते दोरा ताणून दर वीतभर मोजलं. एका ठिकाणी सुताएवढा फरक होता, तो काढला. पलीकडचं टोकही बसलं.

एक आनंदाची गोष्ट. परवा अण्णा खुर्चीवरून उठले आणि यंत्राभोवती फिरून सगळं निरखलं. मग त्यांनी हात मांडीखालून काढला आणि आठ महिन्यांनी हत्यार धरलं. अर्धा तास काम केलं आणि त्या अर्ध्या तासात हात एकदाही थरथरला नाही. मी शेजारी उभी होते. श्वाससुद्धा बेतानं घेत होते. संध्याकाळी आईला सांगितलं तर तिनं टँकरच्या पाण्यातलं राखून ठेवलेलं घागरभर पाणी काढून अण्णांना आंघोळ घातली आणि गुळाचा शिरा केला. टँकर आता नऊ दिवसांनी येतो, यावरून समजा.

त्या दिवसापासून अण्णा जेवताना कमानीच्या नक्षीचं बोलतात. मोराची मान कुठे वळवायची ते ताटातल्या भाकरीवर बोटानं काढून दाखवतात.

मामींना नमस्कार. दुरून का होईना, नजर असू द्या.

सत्यभामा


चकलांबा,
२४ मार्च २०१६

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

यंत्र चाललं. पहिलं फूल कोरलं, सकाळी सात वाजता. अण्णांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि पाकळीच्या कडेला जरा जास्त खोल गेल्याचं सांगितलं. खोल गेलंच होतं.

पण दुपारी ते बिघडतं. बारापर्यंत ठीक असतं. दोन वाजता मोटार गुरगुरायला लागते, नट मध्यावर अडखळतो, नक्षी सरकते. पाच वाजता पुन्हा बरं होतं. मला वाटतं दुपारी विजेचा दाब कमी होत असावा. किंवा धूळ. शेडमध्ये धूळ इतकी येते की सकाळी झाडलेल्या फरशीवर दुपारी पावलं उमटतात. मी नट तीनदा उघडून धुतला, तेल बदललं, मोटारीच्या तारा बदलल्या. हत्याराचा वेग कमी करून पाहिला. काहीच फरक पडत नाही.

गाय चारा छावणीत नेऊन बांधली. आई रोज तिथे जाते आणि गाय आपल्याला ओळखत नाही म्हणून रडत येते. मला वाटतं गाय ओळखते, पण तिच्यात मान वळवायचीही ताकद राहिली नाही. हे आईला कसं सांगू?

काय करू ते कळवा. राग आला तरी पत्र थांबवू नका.

सत्यभामा


धर्मापुरी,
२ एप्रिल २०१६

चि. सत्यभामेस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

विजेचं सोड, धुळीचं सोड. सकाळी चालतं, दुपारी अडतं, संध्याकाळी सुटतं, म्हणजे आजारी कोण ते उघड हाय. दुपारी दोन वाजता स्क्रूच्या बाजूला दोरा ताणून धर. मधे पोट आलंय का बघ.

मोटारीकडच्या टोकाचं तू पानभर लिहिलंस. पलीकडच्या टोकाचं चार शब्दांत उरकलंस. बेअरिंगमागं फट किती? बोटानं सरकतं का? तुझ्यासारखी मुलगी हे लिहायला विसरत न्हाई.

इकडं बोअरला घोटभर पाणी येतं. मामी म्हणते भाचीला एवढं कोड्यात टाकू नका.

कळव. वाट बघतोय, मायेनं आणि काळजीनं.

गहिनीनाथमामा


चकलांबा,
१४ एप्रिल २०१६

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पाडव्यानंतर मिळालं. दोरा धरून पाहिला. मधे पोट येतं, बोटभर.

मी एक उपाय काढलाय. सभा तीस तारखेला आहे. बिभीषणकाकांना फोन करून सभा सकाळी आठला ठेवायला सांगितली. ते म्हणाले जमेल, सगळे चाकणहून जीपनं रात्रीच निघतील. कमान कोरायला तीन तास लागतात. म्हणजे अकरापर्यंत होऊन जाईल, तोवर काही अडणार नाही. मी चार दिवस सकाळी चालवून पाहिलं, चारही दिवस बरोबर चाललं.

एकदा संस्था वाचली की मग सवडीनं सगळं दुरुस्त करीन. आत्ता फक्त ही एक सकाळ निभावली पाहिजे.

अण्णा आनंदात आहेत. त्यांनी वॉचमनच्या नोकरीचं बोलणं बंद केलंय. रोज जाताना यंत्राच्या पलीकडच्या बाजूला थांबून एकदा हात फिरवून जातात.

तुम्ही विचारलेलं मी विसरलेली नाही. मला लिहिता येत नाही.

समजून घ्या, आणि दूर लोटू नका.

सत्यभामा


धर्मापुरी,
२२ एप्रिल २०१६

चि. सत्यभामेस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू लिहिलं न्हाईस तरी मला समजलं. दाजींनी हत्यार धरलं ते काय करायला, हे तू सहा मार्चच्या पत्रात लिहिलं न्हाईस. मी तेव्हाच विचारायला पाहिजे होतं.

सभा आठला ठेवलीस. चाकणची जीप तुमच्या गावात आठला पोचेल असं तुला वाटतं? पोरी, तिला बारा वाजतील.

दाजींशी बोल. आज बोल.

गहिनीनाथमामा


चकलांबा,
२ मे २०१६

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

अण्णा काल पहाटे चाकणला गेले. संस्था बंद झाली. तुमचं बावीस तारखेचं पत्र मला सभेच्या दिवशी सकाळी मिळालं. ते मी दोनदा वाचलं आणि घडी करून ठेवलं.

जे लिहिलं नाही ते आता लिहिते. तुम्ही सांगितलंत तसंच मी पलीकडचं टोक मोकळं ठेवलं होतं. एकच बेअरिंग, मागे दोन मिलिमीटर फट, बोटानं सरकत होतं. चार मार्चला अण्णांनी यंत्राभोवती फिरताना ती फट पाहिली. बेअरिंग बोटानं हलवलं आणि म्हणाले की आपल्या घराण्यातून ढिला सांधा बाहेर गेलेला नाही, तू हा ठेवलास कसा. मी तुमचं पत्र दाखवायला पाटीखाली हात घातला. तोवर त्यांनी बाभळीचा तुकडा उचलला होता. पटाशीनं पाचर तासली. मामा, काय पाचर होती ती. दोन्ही बाजू आरशासारख्या. ती त्यांनी त्या फटीत घातली आणि लाकडी हातोड्याचे तीन ठोके दिले. तिन्ही एका जागी बसले. हात थरथरला नाही. मग ते माझ्याकडे बघून हसले. मी पत्र पुन्हा पाटीखाली सरकवलं.

तुम्हाला आमच्या घरचा नियम माहीत आहे. पाचर ज्यानं ठोकली त्यानंच काढायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मी सहा वर्षांची असताना अण्णांची एक पाचर खेळता खेळता उपसली होती, तेव्हा त्यांनी मारलं नाही, पण दिवसभर बोलले नाहीत. नियम होता म्हणून मी ती काढली नाही, असं मी स्वतःला दोन महिने सांगत होते. खरं कारण तसं नव्हतं. अण्णांच्या हातून झालेलं ते शेवटचं काम असेल आणि तेच चुकीचं आहे, हे मला त्यांना सांगवलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिले. दुपारी यंत्र बिघडू दिलं, तुम्हाला विजेचं आणि धुळीचं लिहीत राहिले. मला विजेचं कधीच खरं वाटलं नव्हतं.

जीप पावणेदोनला आली. पाटोद्याजवळ टायर फुटलं होतं. सभासद उन्हातून आत आले, पत्रा नुसता तापला होता. बिभीषणकाकांनी मला चालू कर म्हटलं. मी तेव्हा म्हणू शकले असते की उद्या सकाळी दाखवते. पण मग त्यांनी विचारलं असतं की सकाळीच का, आणि अण्णा खुर्चीवर बसले होते. मी बटण दाबलं.

मोराची मान झाली. पिसाऱ्याची सुरुवात झाली. मग मोटार गुरगुरली, नट मध्यावर अडकला, हत्याराचं टोक तुटून उडालं आणि भिंतीला लागलं. स्क्रू सगळ्यांसमोर वाकलेला दिसत होता. शेजारच्या छबुबाईंचा मुलगा बघायला आला होता, त्यानं हसू दाबलं. बिभीषणकाका माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले की पोरीनं लई कष्ट घेतले, पण हे घरगुती काम हाय, आपण त्यावर अकरा घरं टाकू शकत न्हाई. हात वर करायला सांगितले. सगळ्यांचे झाले. अण्णांनी डावा वर केला. ते माझ्याकडे बघत नव्हते. यंत्राच्या पलीकडच्या टोकाकडे बघत होते.

संध्याकाळी मी शेड झाडायला गेले तेव्हा पाचर तिथेच होती. तशीच घट्ट.

जीप परत जाणार होती, त्यातच अण्णांनी जायचं ठरवलं. पहाटे निघण्याआधी चष्मा शेडमध्ये राहिला म्हणून किल्ली घेऊन गेले आणि आले. मी पाया पडले तर म्हणाले की भुशात जास्त बसू नको, खोकला होतो. एवढंच.

मी कुणाची फसवणूक केली तेच मला ठरवता येत नाही. तुम्ही ठरवा.

लोभ मागायला तोंड राहिलेलं नाही, तरी मागते.

सत्यभामा


धर्मापुरी,
९ मे २०१६

चि. सत्यभामेस,
आशीर्वाद, नेहमीएवढेच, वि. वि.

पत्र वाचून मी दिवसभर ओट्यावर बसलो. मामीनं जेवायला हाक मारली असेल, मला ऐकू आली न्हाई, आणि पहिल्यांदाच त्याचं बरं वाटलं.

तुझी चूक न्हाई असं मी लिहिणार न्हाई. तू मानणार पण न्हाईस. पण हिशेब पुरा ठेव. तुझं चोवीस मार्चचं पत्र आलं तेव्हाच मला समजलं होतं की दोन्ही टोकं धरलीत, आणि तू धरली नसणार म्हणजे कुणी धरली ते पण. इथून चकलांब्याला एस.टी.नं एक दिवस लागतो. मी आलो न्हाई. दाजींच्या तोंडावर त्यांचा सांधा चुकला म्हणायचं मलाही नको होतं, म्हणून तुला प्रश्न पाठवत बसलो. तू पोरगी हायेस. मी साठीचा हाय.

नियमाचं एक सांगतो. तो नियम तुमच्या घरचा एकट्याचा न्हाई, आमच्यात पण हाय. माझ्या बापानं त्याचं कारण सांगितलं होतं. दुसऱ्याच्या पाचरेला हात लावायचा न्हाई, म्हणजे त्या माणसाला बोलवून सांगायचं की बाबा, तुझी पाचर काढायला पाहिजे, आणि त्याला काढू द्यायची. गुपचूप कुणी कुणाचं काम बदलू नये म्हणून तो नियम. तो गप्प बसायसाठी केलेला न्हाई. आपण तिघं त्याच्या आड गप्प बसलो.

आता दाजी इथं न्हाईत. मोठा म्हणून मी सांगतो, जा आणि ती पाचर काढ. भर दुपारी काढ. मग अर्धवट राहिलेली कमान पुरी कर. कुणासाठी म्हणून विचारू नको. काम अर्धं सोडायचं न्हाई.

आईकडं बघ. तिला गाईचं खरं सांगून टाक, निदान ते तरी.

तुझ्यावरची माया कुठं जात न्हाई.

गहिनीनाथमामा


चकलांबा,
१९ मे २०१६

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तेरा तारखेला मिळालं. गाईचं आईला सांगितलं. तिला माहीत होतं.

शेडची किल्ली येत्या सोमवारी परत द्यायची आहे. सभेच्या त्या संध्याकाळनंतर मी तिकडे फिरकले नव्हते. चौदा तारखेला दुपारी दोन वाजता लाकडी हातोडा घेऊन गेले. पत्र्याला हात लावला तर पोळत होता. यंत्राच्या पलीकडच्या बाजूला गुडघ्यावर बसले आणि फटीत बघितलं. पाचर नव्हती.

आधी वाटलं गळून पडली. खाली शोधलं, भुसा हातानं चाळला. मग ठोकळ्याच्या मागच्या फळीवर हातोड्याची ताजी खूण दिसली. उलट बाजूनं मारलेली, ठोके पाच-सहा, कुठलेच दोन एका जागी नाहीत. सगळे इकडेतिकडे पडलेले. एक तर फळीच्या बाहेर, सांगाड्यावर. मी त्या खुणांवर बोट ठेवून बसले. घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली की त्या पहाटे अण्णा चष्म्यासाठी शेडमध्ये गेले खरे, पण चष्मा त्यांच्या खिशातच होता. तिनं पाहिला होता.

पाचर इथे कुठेच नाही. त्यांनी बरोबर नेली असणार.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुपारीच गेले. हत्याराला नवीन टोक लावलं, कमानीची तीच फळी तशीच मांडली. यंत्र चालू केलं. स्क्रू सरळ राहिला. पलीकडचं बेअरिंग खोबणीत केसभर मागे सरकलेलं डोळ्यांना दिसत होतं. पिसारा पूर्ण झाला, दुसरा मोर झाला, मधला कळस झाला. अडीच तास. एकदाही अडखळलं नाही. मोराच्या मानेपासून पुढे, जिथे सभेत हत्यार तुटलं होतं, तिथे एक ओरखडा राहिलाय. तो मी घासला नाही. बघायला कुणी नव्हतं. बिभीषणकाकांना फोन केला. ते म्हणाले की चांगलं झालं, पण आता कागद पुढे गेलेत, आणि तिकडे सगळे कामाला लागलेत. ते खरंच आहे. यंत्र सोमवारी आमच्या पडवीत येईल. पडवीत वीज नाही.

काल अण्णांचा फोन आला. बाजूच्या माणसाचा फोन होता, म्हणून थोडंच बोलले. पाण्याचं विचारलं, टँकर अकरा दिवसांनी येतो ते सांगितलं. जेवण बरं मिळतं म्हणाले. बसायला खुर्ची आहे म्हणाले. मी घोकून ठेवलं होतं की आज सगळं सांगायचं. तुमचं पत्र, पाटीखाली सरकवलेलं, सगळं. सुरुवात करणार तोच त्यांनी विचारलं की दुपारी चालतं का.

मी हो म्हणाले. घोकलेलं तसंच राहिलं. तिकडून ट्रकांचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं तो माणूस फोन परत मागायला लागला.

कमान मी मऊ कापडात गुंडाळून ठेवली आहे. चाकणला कुणी जाणारं असेल तर कळवा, आडवी धरायला सांगेन.

मामा, यापुढेही लिहीत राहा. तुम्हाला लिहिताना मला काही लपवता येत नाही, तेवढं एक ठिकाण राहू द्या.

तुमची,
सत्यभामा